डिपॉझिट अडकलं, कागद नाही: जळगाव-धुळ्यात खोली करून राहणाऱ्या पोरांचे हक्क कोणते?

गिरणाकाठची
मंडळी, एक व्यवहाराचा प्रश्न आहे आणि त्याच्यामागे एक मोठा प्रश्न आहे.

भाचा जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिघा मित्रांनी मिळून पिंप्राळ्याकडे एक खोली घेतलेली. भाडं साडेचार हजार, डिपॉझिट दहा हजार, सगळं तोंडी. परीक्षा संपल्यावर पोरांनी खोली सोडतो म्हणून सांगितलं, तर घरमालक म्हणतात जून-जुलैचं भाडं द्या, दोन महिने आधी सांगायला हवं होतं. वर रंगाचे तीन हजार. हिशेब केला तर दहा हजार बुडून उलट दोन हजार आपल्याकडेच निघतात. कागद मागितला तर उत्तर मिळालं, "अकरा महिन्यांचा कोण कागद करतं?"

ताई म्हणते सोडून दे, परक्या गावात पोराला राहायचंय, वाकडं नको. मला ते पटत नाही. कायद्याने काय करता येतं ते कुणी सांगेल का?

आणि मोठा प्रश्न असा की कॉलेज प्रवेश देतं, फी घेतं, पण पोरगं राहणार कुठे हे त्या फॉर्मवर कुठेच नसतं. हे बघायची जबाबदारी नक्की कुणाची?

खापरावरचा_मांडा
तिघांत साडेचार हजार? गिरणाकाठच्या ताई, घरमालकाचे पाय धरा! इकडे पुण्यात तेवढ्यात एका कॉटचा अर्धा भाग येतो.

देवपूरकर
काय सांगू भो, मन्ही बी हाईच कथा.

धुळ्यात देवपुरात कॉलेजांच्या आजूबाजूला गल्लीच्या गल्ली खोल्यांवर चालते. मी राहायचो तिथे भाडं कमी वाटायचं, पण खाली बारीक अक्षरात (म्हणजे मालकीणबाईंच्या तोंडात) बाकीचं असायचं. कूलर लावला तर महिन्याला पाचशे वेगळे. पाहुणा मुक्कामी आला तर रात्रीचे पन्नास. पाणी आठवड्याने यायचं, टँकर आणला की पैसे पोरांत वाटून. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या खोलीत कूलर ही काही चैन नाही. पाचशे गप देऊन टाकायचो.

डिपॉझिट मला परत मिळालं नाही. भिंतीला खिळे ठोकले होते म्हणे. ठोकले होते, खरं आहे, शर्ट कुठे अडकवणार?

शेवभाजी_तिखट
देवपूरकर, खिळ्यांचे पैसे कापले तर खिळे काढून घरी न्यायचे होते ना.

काळा_कोट
वकिली करतो, जिल्हा न्यायालयात. मूळ प्रश्नाकडे येतो.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" ही समजूत खानदेशात घरोघरी आहे, पण महाराष्ट्रात ती चुकीची आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याचं कलम ५५ वाचा. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठराविक मुदतीसाठी जागा वापरायची नुसती परवानगी), तो लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मुदत अकरा महिने असो की पाच. ते करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, विद्यार्थ्यावर नाही. केलं नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता ताईंच्या कामाचा भाग. त्याच कलमात असंही आहे की नोंदणीकृत कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे "दोन महिन्यांची नोटीस ठरली होती" असं मालक म्हणत असतील आणि पोरं "नव्हती ठरली" म्हणत असतील, तर पुरावा मालकांनी आणायचा.

भाड्याची पावती देणंही याच कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. पावत्या नसतील तर भाचा फोनवरून पैसे पाठवत होता का ते बघा. तो तपशील आणि सोडायच्या दिवशीचे खोलीचे फोटो एवढं असेल तर आधी एक साधं लेखी पत्र पाठवा, पोहोच घेऊन. निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात.

निवृत्त_मास्तर
मी अमळनेरचा. घरमालक आहे, त्यामुळे आता इथे दगड पडणार हे माहीत आहे.

प्रताप महाविद्यालय १९४५ पासून आहे आमच्या गावात. तेव्हापासून पोरं येतात, घराघरांत राहतात. आमच्या वडिलांनीही ठेवली. मी निवृत्तीच्या पैशातून वरच्या मजल्यावर तीन खोल्या काढल्या. कागद का करत नाही, खरं सांगू? भीती. कूळकायद्यात जमीन गेलेली माणसं आमच्या डोळ्यांसमोर आहेत. मुंबईत पन्नास रुपये भाडं देऊन पिढ्यान्‌पिढ्या बसलेले भाडेकरू आपण ऐकून आहोत. एकदा सही करून दिली की हा माणूस हलणारच नाही असं वाटतं.

दुसरी बाजूही ऐका. तीन पोरांना खोली दिली की रात्री सहा झोपतात. बाथरूममध्ये बादलीत पाणी तापवायचा रॉड तसाच चालू ठेवून कॉलेजला जातात. एक महाशय परीक्षेनंतर कुलूप लावून गेले ते आलेच नाहीत. भाडंही गेलं, आणि आत भिजवलेल्या मटकीचं जे काय झालं होतं ते इथे लिहीत नाही.

शेवभाजी_तिखट
मास्तर, मटकीला मोड आले असतील तर मिसळ झाली असती. उगाच भाडं बुडालं म्हणता.

काळा_कोट
मास्तर, तुमची भीती समजते, पण कागद केला नाही तरच ती खरी ठरायची शक्यता जास्त.

ते जुने पन्नास रुपयेवाले भाडेकरू १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातले. आज तुम्ही नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स केलंत तर त्यात लिहिलेली मुदत हाच अंतिम पुरावा धरला जातो. मुदत संपून माणूस गेला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. तोंडी ठेवलेल्या माणसाबाबत यातलं काहीही सहज हातात नसतं.

खर्चाचं म्हणाल तर या तीन पोरांच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं ४९,५०० होतं. मुद्रांक शुल्क पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ती रक्कम भाड्यात मिळवायची. सगळं मिळून सव्वाशे-दीडशे रुपयांत बसतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर ऑनलाइनचा थोडा हाताळणी खर्च. तिघांत वाटला तर डोकी पाचशेच्या आत. एका महिन्याच्या कूलरच्या पैशात करार होतो.

धडगावचा
मी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी अर्ज केला होता, जागा संपल्या. मग पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेत अर्ज केला. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आमच्यासारख्या पोरांना बाहेर खोली करून राहायला त्यात पैसे मिळतात. मोठ्या शहरांना वर्षाला ६० हजार, मधल्या महापालिकांना ५१, जिल्ह्याच्या ठिकाणांना ४३. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेत अशीच रक्कम आहे.

४३ हजारांची फोड बघा. जेवणाचे २५, निर्वाहाचे ६ आणि राहण्याचे १२. बारा हजार वर्षाला म्हणजे हजार रुपये महिना. हजारात खोली नाही मिळत, चौघांत एक कॉट... म्हणजे चौघांत एक खोली मिळते, तीही गावाबाहेर.

आता गंमत. अर्जासोबत भाडेकरार मागतात. घरमालक करार देत नाही. मी ज्यांच्याकडे राहायला गेलो त्यांनी सांगितलं, कागद पाहिजे असेल तर दुसरीकडे बघ. शेवटी एका मित्राच्या मामांच्या घरात राहिलो, त्यांनी दिला.

आणि एक. कागदापर्यंत गोष्ट येतच नाही खूपदा. फोनवर बोलताना खोली रिकामी असते. गाव विचारतात, आडनाव विचारतात, मग ती कालच गेलेली असते.

गिरणाकाठची
धडगावचा, हे वाचून थांबलेच. भाच्याच्या दहा हजारांचं घेऊन बसले होते मी.

काळा कोट, खूप आभार. पैसे फोनवरूनच जायचे, दर महिन्याचा हिशेब आहे.

केळी_कांदेबाग
रावेरकडचा शेतकरी. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तीही लक्षात ठेवा. इतर मागास, भटक्या जमातींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना २०२३ नंतर आली आहे. गावात कुणालाच माहिती नसते. तलाठ्याकडे दाखल्याला गेल्यावर कळतं आणि तोवर शेवटची तारीख गेलेली असते.

बाकी घरमालकाला शिव्या देण्याआधी एवढं बघा की केळीला भाव नसतो तेव्हा गावाकडच्या माणसालाही शहरातली ती एक खोलीच आधार असते.

वाघूरचं_पाणी
लाइट बिलाचा विषय कुणी काढलाच नाही! आमच्याकडे मालक युनिटला बारा रुपये लावायचे. विचारलं तर म्हणे महावितरणचा दरच तेवढा आहे.

निवृत्त_मास्तर
वाघूर, त्यात अर्धं खरं आहे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटला स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, पुढे आणखी. तीन खोल्या आणि आम्ही दोघं एकाच मीटरवर, वर पोरांचे कूलर. मी थेट वरच्या टप्प्यात जातो. वेगळं मीटर घेऊन दिलं तर माझंही डोकं शांत आणि पोरांचंही बिल कमी येतं, हे मला गेल्या वर्षी मुलाने समजावलं. एका खोलीला घेतलंय. दोन बाकी.

वाघूरचं_पाणी
मास्तर, तुम्ही जळगावात घर बांधा, मी राहायला येतो.

पाटणादेवी
मुलींचं वेगळंच असतं. साडेसातला गेट बंद. प्रयोगशाळेत उशीर झाला तरी मालकीणबाई घरी फोन करणार. भावाला वर यायला बंदी, वडिलांनी पिशवी खाली ठेवून जायची. मुलांच्या खोल्यांना यातलं काही नाही.

कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहाबाबत मात्र नियम स्पष्ट आहे. लैंगिक छळ प्रतिबंधाची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जी नियमावली आहे, २०१६ मध्ये अधिसूचित झालेली, तिच्यात म्हटलंय की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. आमच्या मैत्रिणींनी हा उतारा छापून अर्जाला जोडला होता. वेळ साडेनऊ झाली. खाजगी खोल्यांना तो नियम लागत नाही, हीच अडचण आहे.

चाळीसगाव_जंक्शन
पाटणादेवी, राग मानू नका, पण मीही एका मुलीचा बाप आहे. साडेसातचं गेट बघूनच मी खोली ठरवली. उद्या काही झालं तर नियमावली घेऊन कुणाकडे जाऊ?

पाटणादेवी
काका, राग नाही. पण काही झालंच तर गेट बंद असल्यामुळे ती बाहेर अडकलेली असेल, हेही बघा.

चाळीसगाव_जंक्शन
हं. हे मुलगीही म्हणाली होती.

देवपूरकर
धागा इंटरेस्टिंग चाललाय, पण गिरणाकाठच्या ताईंचा दुसरा प्रश्न राहूनच गेला. जबाबदारी कुणाची?

माझं मत, विद्यापीठाची आणि कॉलेजची. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १९९० साली वेगळं विद्यापीठ झालं, २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. पोरांनी पुण्याला धाव घेऊ नये, घराजवळ शिकावं हाच हेतू होता ना? पण नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या पोराला जळगाव म्हणजे काही घराजवळ नाही. कॉलेजने निदान आजूबाजूच्या खोल्यांची नोंदवही ठेवावी. ज्याचा करार नोंदलेला त्याचंच नाव त्यात.

खापरावरचा_मांडा
आणि मग घरमालक म्हणतील, नको रे बाबा ती नोंदवही, खोल्या बंद करतो किंवा हॉटेलवाल्याच्या कामगारांना देतो. तेव्हा पोरं कुठे जातील? नियम वाढले की आधी गरीब पोरंच बाहेर पडतात. स्वस्त खोली तोंडी व्यवहारामुळेच स्वस्त आहे, हे कडू आहे पण खरं आहे.

काळा_कोट
मांडा, सव्वाशे रुपयांच्या मुद्रांकाने भाडं महागत नाही. मालक कर आणि घरपट्टीच्या भीतीने कागद टाळतात, ते वेगळं. तो विषय महापालिकेने सोडवायचा आहे, पोरांनी नाही.

नोंदवहीचं म्हणाल तर पाया आधीच आहे. रॅगिंग रोखण्याच्या यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीत म्हटलं आहे की कॉलेजबाहेरच्या, व्यवसाय म्हणून चालवलेल्या खाजगी वसतिगृहांची स्थानिक पोलिसांकडे नोंद हवी आणि त्यासाठी संस्थाप्रमुखांची शिफारस हवी. म्हणजे प्राचार्यांनी "बाहेरच्या खोल्यांशी आमचा संबंध नाही" म्हणायची सोय नाही. रॅगिंगसाठी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, ती बाहेरच्या वसतिगृहातल्या पोरांनाही चालते.

आणखी दोन बारकावे, कारण इथे वाचणारे बरेच दिसतात.

मालक त्याच घरात राहतात आणि घरातला एखादा भाग पोरांना देतात, तर कायद्याच्या भाषेत ते पेइंग गेस्ट. पेइंग गेस्ट आणि वसतिगृहात राहणारा, दोघंही भाडेनियंत्रण कायद्यातल्या लायसन्सीच्या, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या, व्याख्येबाहेर आहेत. मास्तर, तुमच्या वरच्या मजल्याच्या खोल्यांना स्वतंत्र जिना असेल तर गोष्ट वेगळी, तुमच्याच स्वयंपाकघराशेजारची खोली असेल तर वेगळी. जिथे हा कायदा पोहोचत नाही तिथे ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन सेवा दिली आणि त्यात खोट असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

दुसरं म्हणजे पाणी-वीज. भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई सबळ कारणाशिवाय तोडायला कलम २९ मनाई करतं. पण कलम भाडेकरूबद्दल बोलतं, म्हणून लिव्ह अँड लायसन्स करताना पाण्याची आणि विजेची अट कागदात स्वतंत्र लिहून घ्या. कूलरचीही. खानदेशात आहोत.

शेवभाजी_तिखट
"कूलरचीही. खानदेशात आहोत." हे न्यायालयात असंच म्हणता का साहेब?

तापीतीर
डिपॉझिटची मर्यादा दोन महिने असते ना? कुठेतरी वाचलं होतं.

काळा_कोट
तो केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा, २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला नमुना. राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा त्यात आहे. पण भाड्याचा विषय राज्यांचा, आणि महाराष्ट्रात आपला १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे डिपॉझिट किती आणि कशातून कापायचं ते करारात लिहिणं हाच उपाय. "नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून" हे शब्द टाका. खिळे त्यात येतात की नाही यावर देवपूरकरांशी वेगळा धागा काढू.

शिरपूरची_सई
मी अजून शिकतेय. इथे सगळे कायद्याचं बोलताहेत, पण एकोणीस वर्षांची मुलगी वकील कुठून आणणार?

काळा_कोट
सई, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं, तालुक्याला समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तू आणि धडगावचा, दोघंही त्यात बसता. नुसतं पत्र लिहून द्यायलाही मदत करतात.

धडगावचा
हे माहीत नव्हतं. गावाकडच्या ग्रुपवर टाकतो.

गिरणाकाठची
थोडी बातमी. काळ्या कोटांच्या सल्ल्याने भाच्याने एका पानाचं पत्र लिहिलं. धमकी नाही, फक्त भाड्याच्या तारखा, खोलीचे फोटो आणि कलम ५५ चा उल्लेख. घरमालकांचा दुसऱ्या दिवशी फोन. जून-जुलैचा विषय त्यांनी सोडला. रंगाचे तीन हजार मात्र कापणार म्हणतात. म्हणजे सात हजार परत. ताई म्हणते घे आणि मोकळा हो. भाचा म्हणतो रंग आम्ही यायच्या आधीच उडालेला होता, पहिल्या दिवशीचा व्हिडिओ आहे. मावशी म्हणून मी भाच्याच्या बाजूने, बहीण म्हणून गप्प.

देवपूरकर
पहिल्या दिवशी व्हिडिओ काढणारं पोरगं! बठ्ठं आयुष्य सुखात जाईल त्याचं.

काळा_कोट
व्हिडिओ असेल तर तीन हजारांसाठी आणखी एक पत्र. शब्द तेच, आवाज मऊ.

निवृत्त_मास्तर
मी दोन खोल्यांचा करार नोंदवायचं ठरवतोय. स्वतंत्र जिना आहे, म्हणजे साहेबांच्या मते तो करार होतो. एक अडचण. एक पोरगा अकरावीचा आहे, क्लाससाठी आलाय, सतरा वर्षांचा. त्याची सही चालेल का? वडील तिकडे सातपुड्यात मोलगीकडे असतात, येणं अवघड.

काळा_कोट
नाही चालणार, अठरा पूर्ण हवीत. करार वडिलांच्या नावाने करा, राहणारा म्हणून मुलाचं नाव घाला. नोंदणी ऑनलाइन होते, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी एका जागी यावंच लागतं असं नाही. वडील तालुक्याच्या गावाला येतील त्या दिवशी तिथल्या सेवा केंद्रात त्यांचा अंगठा आणि फोटो घेता येतो. आधार कार्ड सोबत ठेवायला सांगा. भाडेकरू आल्याची माहिती पोलीस ठाण्यालाही द्या, तसे आदेश वेळोवेळी निघतात.

धडगावचा
मास्तर, मोलगीचा बाजार शुक्रवारी असतो, त्या दिवशी लोक खाली उतरतात. आणि दुसरी खोली अजून रिकामी असेल तर सांगा. माझा धाकटा भाऊ यंदा बारावी झालाय.

निवृत्त_मास्तर
रिकामी आहे. व्यक्तिगत निरोप पाठवतो. कूलर आहे खोलीत, त्याचे पैसे नाहीत. रॉड मात्र आणू नका म्हणावं, मी गिझर लावतोय.